पोर्ट्रेटसाठी फ्लॅशगन: सुरुवात कुठून करायची?

रानजाई

नमस्कार मंडळी,

पोर्ट्रेटसाठी वेगळी फ्लॅशगन वापरायला शिकायची आहे. कॅमेरा कॅनन २००डी मार्क २, लेन्स ५० मिमी एफ/१.८ आणि सोबत आलेली १८-५५. घरातली माणसं, घरातलीच जागा आणि दिवाळीत पणत्यांसोबत काही फोटो, एवढंच काढायचं आहे.

उसन्या फ्लॅशवर करून पाहिलं तेव्हा या अडचणी आल्या. सरळ मारला की चेहरा पांढराफटक आणि मागच्या भिंतीवर काळी सावली. छताकडे वळवला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार. शटर १/२०० च्या पुढे नेलं, की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा. नथ आणि पैठणीचा काठ यांवर पांढरे डाग. घ्यायचा झाला तर टीटीएल (उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणारा) घ्यावा की मॅन्युअल? आणि शिकायचा क्रम काय असावा?

एफ_आठ

बाकीचं नंतर, आधी खरेदीतला एक खड्डा सांगतो. तुमच्या कॅमेऱ्याचा हॉट शू (फ्लॅश बसवायची माथ्यावरची खाच) वरून नीट पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांत मधोमध एक मोठा गोल संपर्क असतो. कुठल्याही कंपनीचा साधा फ्लॅश त्यावरच पेटतो. कॅननने २००डी मार्क २ आणि ३०००डी यांसारख्या काही कॅमेऱ्यांत तो मधला संपर्क ठेवलेलाच नाही. त्यामुळे एकाच पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि साधे रेडिओ ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारे) शूवर बसतात, पण पेटत नाहीत. लोक फ्लॅश बिघडलाय समजून परत करतात.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. कॅननच्या टीटीएलशी बोलणारा फ्लॅश किंवा ट्रिगर घ्या. दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्यांच्या यादीत नेमकं तुमचं मॉडेल आहे का आणि फर्मवेअर अद्ययावत करावं लागतं का, हे आधी बघा. शक्यतो कॅमेरा घेऊनच दुकानात जा आणि तिथे दहा फोटो काढून पाहा. दुसरा रस्ता कमी खर्चाचा. ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून पेटण्याची सोय) असलेला मॅन्युअल फ्लॅश घ्या आणि कॅमेऱ्याच्या उघडणाऱ्या फ्लॅशने तो पेटवा. मात्र स्लेव्ह एस२ वर ठेवा, एस१ वर नको. कॅमेऱ्याचा फ्लॅश खऱ्या चमकेआधी मोजमापासाठी एक बारीक चमक सोडतो. एस१ मधला फ्लॅश त्या पहिल्या चमकेलाच पेटून रिकामा होतो आणि शटर उघडतं तेव्हा अंधार. एस२ ती पहिली चमक सोडून देतो. स्लेव्हचा डोळा कॅमेऱ्याकडे वळलेला असू द्या. ही पद्धत घरात छान चालते, भर उन्हात बेभरवशाची.

मावळतीचा_उजेड

रानजाई, क्रम विचारलात ते बरं केलंत. सगळं एका गोष्टीवर उभं आहे: फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत दोन एक्सपोजर असतात. एक खोलीतल्या उजेडाचं, दुसरं फ्लॅशचं. दोन्ही वेगवेगळ्या चाव्यांनी कमीजास्त होतात.

फ्लॅशची चमक फार तोकडी असते. पूर्ण पॉवरला सेकंदाचा काहीशेवा भाग, कमी पॉवरला काही हजारावा. शटर १/६० असो की १/१६०, ती चमक दोन्हींत पूर्ण मावते, म्हणून शटरचा फ्लॅशच्या उजेडावर परिणाम होत नाही. खोलीतला उजेड मात्र सतत येत असतो, त्यामुळे शटर जितकं लांबेल तितकी खोली उजळते. ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोघांनाही लागू. फ्लॅशची पॉवर आणि त्याचं अंतर फक्त फ्लॅशला लागू. यावरून कामाची पद्धत ठरते: आधी खोलीचा उजेड ठरवायचा आणि मगच फ्लॅशला हात लावायचा.

प्रत्यक्षात असं करा. कॅमेरा एम (मॅन्युअल) वर, फ्लॅशही एम वर, ऑटो आयएसओ बंद. आयएसओ ४००, एफ/४, शटर १/१६०. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. रात्री घरातल्या नेहमीच्या दिव्यांत तो जवळपास काळा येईल, आणि तसाच यायला हवा. आता फ्लॅश १/३२ पॉवरवर ठेवा, समोर उजेड पसरवणारी पांढरी छत्री, छत्रीपासून चेहरा साधारण एक मीटर. फोटो काढा. चेहरा गडद आला तर १/१६, उजळ आला तर १/६४. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप, उजेड दुप्पट किंवा निम्मा. दोन-तीन फोटोंत चेहरा जागेवर येतो.

चेहरा बसला की फक्त शटर हलवा: १/१६०, मग १/८०, मग १/३०. चेहरा आहे तसाच राहील आणि मागची खोली हळूहळू वर येईल. हा तीन फोटोंचा संच शेजारी ठेवून पाहिला की फ्लॅशचं अर्धं कोडं सुटतं. १/३० ला मात्र माणूस हलला तर फ्लॅशच्या ठसठशीत चेहऱ्याभोवती एक धूसर चेहरा उमटतो. घरातल्या उजेडाचा वाटा फार वाढल्याची ती खूण. तिथे शटर परत वर न्या.

एक खबरदारी. खोलीतले दिवे फोटोत येत नाहीत म्हणून ते बंद करू नका. फोकसला उजेड लागतो. शिवाय अंधारात बुबुळाच्या मधली बाहुली मोठी होते आणि डोळ्यांचा रंग हरवतो. दिवे चालू ठेवा, शटर त्यांना बाहेर ठेवेल.

रानजाई

हे स्पष्ट झालं, धन्यवाद. पण मग टीटीएल कशाला असतं? पॉवर आपोआप ठरत असेल तर सोपं नाही का?

शटरकर

सोपं आहे, आणि लहान मुलं, लग्नातली धावपळ, बाऊन्स (फ्लॅश छतावर किंवा भिंतीवर मारून परतणारा उजेड वापरणं) मारत खोलीभर फिरणं, या कामांना टीटीएलच हवं. माणूस आणि फ्लॅश यांतलं अंतर दर फोटोला बदलत असेल तर दरवेळी हाताने पॉवर ठरवायला वेळ कुठला?

पण ते काय करतं हे माहीत हवं. खऱ्या चमकेआधी ते एक चाचणी चमक सोडतं, परत आलेला उजेड मोजतं आणि सगळं मध्यम राखाडी उजळपणाला आणू पाहतं. समोर पांढरा सदरा आणि पांढरी भिंत असेल तर त्याला वाटतं उजेड जास्त झाला, ते पॉवर कमी करतं आणि चेहरा काळवंडतो. काळी शेरवानी आणि मागे अंधार असेल तर उलट, चेहरा जळतो. म्हणून फ्लॅश एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे टीटीएलने ठरवलेली पॉवर कमीजास्त करायची, चावी डोळे मिटून सापडली पाहिजे. पांढऱ्या कपड्यांना +२/३ ते +१, काळ्यांना -२/३ ते -१, हे सुरुवातीचे आकडे. फ्रेम थोडी सरकवली तरी आकडा बदलतो, त्यामुळे एकाच बैठकीतले दहा फोटो दहा उजळपणांचे येतात.

आणखी एक. चाचणी चमक आणि खरी चमक यांत थोडं अंतर असतं. काही माणसांच्या पापण्या पहिल्या चमकेला मिटतात आणि फोटोत नेमके डोळे झाकलेले येतात. त्यांच्यासाठी मॅन्युअल हाच उपाय, कारण त्यात चाचणी चमक नसते.

काही ट्रिगरवर (गोडॉक्सच्या एक्सप्रोवर आहे) टीटीएलने निघालेली पॉवर मॅन्युअलमध्ये गोठवायचं टीसीएम नावाचं बटण असतं. एक फोटो टीटीएलने, बटण दाबलं, पुढचे सगळे त्याच पॉवरवर. बसलेल्या माणसासाठी ही सोय फार कामाची आहे.

मावळतीचा_उजेड

शटरकरांशी सहमत, एवढं जोडून: घ्यायचा टीटीएल, शिकायचं मॅन्युअलवर. टीटीएलवर शिकलेल्याला फोटो बिघडला तर कशाने बिघडला हे कळत नाही.

कौलारू

छताकडे मारल्यावर डोळ्यांत अंधार का येतो, याचं गणित करून दाखवतो. बहुतेक लोक फ्लॅशचं डोकं पुढे ४५ अंशांत झुकवतात आणि तिथेच चूक होते.

छतावर जिथे फ्लॅशचा झोत पडतो, तोच ठिपका आता तुमचा दिवा. तो माणसाच्या बरोबर डोक्यावर असेल तर कपाळ आणि नाक उजळणार, डोळे खोबणीत जाणार. तो माणसाच्या पुढ्यात हवा, चेहऱ्यापासून साधारण ४५ अंश वर. आता आकडे घ्या. छत ३ मीटरवर, बसलेल्या माणसाचा चेहरा १.२ मीटरवर, म्हणजे छत चेहऱ्याच्या १.८ मीटर वर. ४५ अंश हवेत तर ठिपका चेहऱ्याच्या १.८ मीटर पुढे पडायला हवा. कॅमेरा २ मीटरवर आहे आणि फ्लॅशचं डोकं जमिनीपासून १.४ मीटरवर. डोकं सरळ वर केलं तर ठिपका कॅमेऱ्याच्या डोक्यावर, म्हणजे चेहऱ्याच्या २ मीटर पुढे. जवळपास हवा तसाच कोन. डोकं ६० अंशांवर ठेवलं तर ठिपका सव्वानऊशे मिलिमीटर पुढे सरकतो आणि उजेड ५९ अंशांतून येतो. ४५ अंशांवर ठेवलं तर ठिपका चेहऱ्याच्या जेमतेम ४० सेंटिमीटर पुढे, उजेड ७७ अंशांतून. मग डोळ्यांत अंधार येणारच.

सांगायचं एवढंच की माणूस जवळ असेल तर डोकं सरळ वर किंवा किंचित मागे. याहून छान म्हणजे मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर मारा. भिंतीवरून येणारा उजेड खिडकीसारखा आडवा येतो, चेहऱ्याला एक उजळ आणि एक सावलीची बाजू मिळते. तेव्हा फ्लॅशचा थेट झोत चेहऱ्यावर सांडू नये म्हणून माणसाच्या बाजूला काळ्या फोम शीटचा पोस्टकार्डाएवढा तुकडा रबरबँडने बांधा.

बाऊन्सला पॉवर भरपूर लागते, दोन-तीन स्टॉप सहज जातात. आयएसओ ८०० किंवा १६०० करायला कचरू नका, नाहीतर प्रत्येक फोटो पूर्ण पॉवरचा होतो आणि फ्लॅश तापतो.

आपल्याकडच्या घरांत तीन गोष्टी बघायच्या. भिंतींचा रंग: पिस्ता, गुलाबी, आकाशी भिंतीवर मारला की चेहरा त्याच रंगाचा, आणि मागची खोली वेगळ्या रंगाची असल्याने व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्याच्या रंग-दुरुस्तीने) ते पूर्ण निघत नाही. पंखा: ठिपका पात्यांवर पडत असेल तर फिरत्या पंख्याने दर फोटोला उजेड बदलतो, म्हणून पंखा बंद करा किंवा जागा बदला. आणि कौलारू छत, लाकडी माळा, मंडपाचं रंगीत कापड: यांवरून परत काही येत नाही, आलं तर तपकिरी किंवा लाल येतं. तिथे बाऊन्सचा नाद सोडा, छत्री उघडा.

छायागीता

कौलारूंच्या पुढे जाते. खरा फरक फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवल्यावर पडतो. एक लाइट स्टँड, छत्री धरणारा ब्रॅकेट, आणि ३३ किंवा ४३ इंची पांढरी आरपार छत्री. सॉफ्टबॉक्सच्या (फ्लॅशपुढे लावायच्या कापडी पेटीच्या) आधी छत्रीच घ्या. स्वस्त, क्षणात उघडते, चुकांना माफ करते. तिचा दोष असा की उजेड चहूकडे सांडतो. छोट्या खोलीत तो भिंतींवरून परत येऊन सावल्या भरतो. गडद, नाट्यमय सावली हवी असेल तर मग सॉफ्टबॉक्स आणि उजेड सांडू न देणारी जाळी, म्हणजे ग्रिड.

फ्लॅशचं झूम २४ किंवा ३५ वर ठेवा, नाहीतर झोत छत्रीच्या मधल्या भागावरच पडतो आणि मोठ्या छत्रीचा उपयोग संपतो. उजेडाचा मऊपणा कापडाने येत नाही, चेहऱ्याला दिवा किती मोठा दिसतो यावर ठरतो. फ्लॅशवर बसणारं प्लास्टिकचं छोटं टोपण म्हणूनच थेट मारल्यावर सावली मऊ करत नाही. दिव्याचा आकार तेवढाच राहतो. छत्री एक मीटरवरून तीन मीटरवर नेली की तीच छत्री कडक सावली देते.

सुरुवातीची जागा: छत्री कॅमेऱ्याच्या ४५ अंश बाजूला, तिचा मध्य डोळ्यांपेक्षा हातभर वर, चेहऱ्यापासून १ ते १.२ मीटर. मग नाकाची सावली बघा. ती गालावर तिरकी उतरावी आणि वरच्या ओठाला लागण्याआधी संपावी. ओठावर आली तर छत्री खाली घ्या. सरळ आडवी गेली तर छत्री वर. डोळ्यांत छत्रीचा पांढरा ठिपका घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसला पाहिजे. ठिपकाच नसेल तर छत्री फार वर आहे आणि डोळे मेलेले दिसतील. छत्री आणखी बाजूला नेऊन नाकाची सावली गालाच्या सावलीला भिडवली की सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. वयस्क चेहऱ्यांना, दाढीला हे फार शोभतं. सुरकुत्या सौम्य हव्यात तर उलट करा. छत्री कॅमेऱ्याच्या वर मधोमध आणि छातीपाशी पांढरी फोम शीट आडवी.

सरावाला माणूस तासभर बसवू नका. न रंगवलेली शाडूची मूर्ती घ्या. चकाकत नाही, आणि कपाळ, गाल, सोंड यांच्या सावल्या स्वच्छ वाचता येतात. छत्री घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत बारा फोटो काढा.

अंतराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भिंतीवरच्या काळ्या सावलीचं उत्तर तिथे आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप कमी. छत्री चेहऱ्यापासून १ मीटर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे १ मीटर: भिंतीला दोन स्टॉप कमी, ती राखाडी दिसेल. माणसाला भिंतीपासून ३ मीटर पुढे आणा: भिंत छत्रीपासून ४ मीटर, चार स्टॉप कमी, पांढरी भिंतसुद्धा गडद होईल आणि सावली फ्रेमच्या बाहेर पडेल. म्हणजे पार्श्वभूमीचा रंग बदलायला कापड लागत नाही, माणूस पुढे आणावा लागतो. दोन माणसं असतील तर उलटा हिशोब. छत्री पहिल्यापासून १ मीटर आणि दुसऱ्यापासून दीड, तर दुसऱ्यावर एका स्टॉपहून जास्त अंधार. तीच छत्री ३ आणि साडेतीन मीटरवर नेली की फरक अर्ध्या स्टॉपच्या आत येतो.

स्टँडच्या पायावर वजन ठेवा. उघडी छत्री म्हणजे शीड, गच्चीवर वाऱ्याच्या एका झुळकीने आडवी होते. घरी वाळूची पिशवी नसेल तर तांदळाची पाच किलोची पिशवी चालते.

नवा_मेंबर

मिररलेस घेतल्यापासून मॅन्युअलवर फ्लॅश लावला की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो. आणि कधी कधी फ्लॅश पेटतच नाही. कॅमेऱ्यात दोष आहे का?

शटरकर

दोष नाही. मिररलेस पडद्यावर खोलीच्या उजेडाचं एक्सपोजर दाखवतो, फ्लॅशचं त्याला आधी माहीत नसतं. १/१६० आणि एफ/८ म्हटलं की तो प्रामाणिकपणे काळा दाखवणार. सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमधला सेटिंग इफेक्ट बंद करा, कॅननमध्ये एक्सपोजर सिम्युलेशन बंद करा, निकॉन झेडमध्ये सेटिंग्ज लाइव्ह व्ह्यूला लावायचा पर्याय बंद करा. फ्लॅश पेटत नाही तेव्हा बहुधा सायलेंट शटर चालू असतं. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅश सोडत नाहीत. मेकॅनिकल करा.

एफ_आठ

आता काळा पट्टा. शटरचे दोन पडदे असतात. एका ठराविक वेगापर्यंत असा एक क्षण येतो की पहिला पडदा पूर्ण उघडलाय आणि दुसरा निघालेला नाही, त्या क्षणी फ्लॅश पेटतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ही मर्यादा १/२००. त्यापुढे दुसरा पडदा आधीच निघतो, आणि त्याच्या आड गेलेल्या भागावर फ्लॅशचा उजेड पडत नाही. तोच तुमचा पट्टा. रेडिओ ट्रिगर वापरताना काहींना १/२०० लाही कडेला बारीक सावली दिसते, कारण ट्रिगरला क्षणभर उशीर होतो. १/१६० धरून चला.

घरात याची अडचणच नाही. प्रश्न येतो बाहेर. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ बसतं. पार्श्वभूमी धूसर करायला एफ/२.८ हवं असेल तर चार स्टॉप वर, १/३२०० लागतं. तिथे एचएसएस म्हणजे हाय स्पीड सिंक. फ्लॅश एका ठोक्याऐवजी बारीक चमकांची माळ सोडतो आणि पडद्यांची फट सरकेल तसा सगळा सेन्सर उजळतो. किंमत म्हणजे ताकद साधारण दोन स्टॉपने घटते आणि फ्लॅश लवकर तापतो.

छायागीता

उन्हात एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) बरा पडतो, हे माझं ठाम मत. चार स्टॉपचा एनडी लावला की एफ/२.८ ला १/२०० वर येता, फ्लॅश साध्या पद्धतीने पूर्ण ताकदीने चालतो.

एफ_आठ

मान्य, पण २००डीसारख्या डीएसएलआरवर चार स्टॉपच्या फिल्टरमागे व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि फोकस अडखळतो. फोकस आधी करून लॉक करावं लागतं, आणि एफ/२.८ ला माणूस दोन इंच हलला तर डोळे गेले. आणि एनडी फ्लॅशलाही कापतो, म्हणजे पॉवर एफ/११ लाच लागेल तेवढी. छत्रीतली एक छोटी फ्लॅशगन एक मीटरवरून जेमतेम तिथे पोचते. भर दुपारी सूर्याशी झुंज घेण्यापेक्षा माणसाला झाडाच्या किंवा घराच्या सावलीच्या कडेला उभं करा, ऊन त्याच्या पाठीशी ठेवा. नाहीतर सूर्य मावळण्याआधीचा अर्धा तास गाठा. तेव्हा एचएसएसही लागत नाही, एनडीही नाही.

छायागीता

सावलीचं बरोबर. उन्हात छत्री एक मीटरवरून मागे नेता येत नाही, हे मीही लिहायला हवं होतं.

कौलारू

सेलविषयी कोणी लिहिलं नाही म्हणून. चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश असेल तर रिचार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या, तेही वापरात नसताना चार्ज टिकवणारे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्या अल्कलाइनवर १.५, म्हणून लोक अल्कलाइनच घेतात. पण फ्लॅशला एकदम मोठा प्रवाह लागतो, तो अल्कलाइन सेल देऊ शकत नाही. दहा-वीस फोटोंनंतर दोन चमकांमधला वेळ लांबत जातो. चारचे दोन संच ठेवा, मार्करने अ आणि ब लिहा आणि कधी मिसळू नका. एक थकलेला सेल बाकी तिघांना ओढतो.

तयार असल्याचा दिवा लागल्याशिवाय बटण दाबू नका. अर्धवट भरलेल्या फ्लॅशने फोटो एक-दीड स्टॉप गडद येतो आणि माणूस सेटिंग बदलत बसतो. पूर्ण पॉवरचे सलग फोटो टाळा. तापल्यावर फ्लॅश स्वतःच थांबतो, तेव्हा त्याला पाच-दहा मिनिटं मोकळ्या हवेत राहू द्या.

आणि बिघडलेला फ्लॅश घरी कधीही उघडू नका. आतला कपॅसिटर तीनशेच्या आसपास व्होल्ट धरून ठेवतो, सेल काढल्यावरही. माळ्यावरचा फिल्मच्या काळातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्याच्या शूवर बसवू नका. काहींचा ट्रिगर व्होल्टेज २०० च्याही वर असतो.

छायागीता

नथ आणि पैठणीकडे वळू. मोती, सोनं, जर हे सगळे छोटे आरसे. त्यांत दिसतो तो डाग म्हणजे तुमच्या फ्लॅशचं प्रतिबिंब. पॉवर कमी करून तो जात नाही, चेहराही सोबत काळवंडतो. प्रतिबिंब मोठं आणि फिकं करायचं, म्हणजे दिवा मोठा आणि जवळ. ४३ इंची छत्री मीटरभरावर आणली की मोत्यावर टोचणारा ठिपका जाऊन गोलाईभर दुधाळ उजाळा येतो. दुसरं, छत्रीचा मध्य चेहऱ्यावर न रोखता चेहऱ्याच्या थोडा पुढे रोखा, म्हणजे तिच्या कडेचा उजेड चेहऱ्यावर पडेल. काठाची जर तरीही पेटत असेल तर छत्री आणि पदर यांच्या मध्ये, फ्रेमच्या बाहेर, काळी कार्डशीट धरा, म्हणजे पदरावर पडणारा उजेड तेवढाच कमी होतो.

एक्सपोजर तपासताना फक्त पांढरा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) बघू नका, लाल चॅनेल वेगळा बघा. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत, कुंकवात, लाल-केशरी साडीत लाल चॅनेल सर्वांत आधी भरून वाहतो आणि गालांवर सपाट मेणचट भाग दिसतो. एकूण आलेख तेव्हा ठीकच दिसत असतो. एकतृतीयांश ते दोनतृतीयांश स्टॉप पॉवर उतरवा. सावळ्या चेहऱ्याला फ्लॅशने गोरं करणं ही वाईट खोड आहे. त्या त्वचेची खोली कडेच्या उजाळ्यातून दिसते, त्यामुळे पॉवर वाढवण्याऐवजी छत्री बाजूला न्या. कपाळावर, नाकावर तेलकट चमक असेल तर फोटो काढण्याआधी टिपकागदाने हलकं टिपून घ्या, पुसू नका.

चष्म्यासाठी: छत्री वर घ्या, हनुवटी किंचित खाली, आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून पाच मिलिमीटर उचला. काच खाली झुकते आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जातं. फोटोत उचललेली काडी कळत नाही.

रानजाई

पंख्याचं आणि लाल चॅनेलचं दोन्ही लगेच लागू पडलं. आता एकच राहिलं, पणत्या. फ्लॅश मारला की पणत्यांचा पिवळा उजेड निघून जातो आणि चेहरा निळसर पांढरा. फ्लॅश न मारता चेहरा दिसत नाही.

मावळतीचा_उजेड

तिथे वर लिहिलेलं सगळं एकत्र लागतं, फक्त रंगाची भर.

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा, ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास. ज्योत २००० च्याही खाली. कॅमेरा एकालाच पांढरं मानू शकतो. म्हणून फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावायची, तिला फुल सीटीओ म्हणतात, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ३२०० वर ठेवायचा. आता फ्लॅशने उजळलेला चेहरा स्वाभाविक दिसतो, पणत्या त्याहून उबदार राहतात आणि मागचं संध्याकाळचं आभाळ गडद निळं होतं. हाफ सीटीओ लावून ४००० ठेवलं तर पणत्या जास्त केशरी. दोन्ही करून पाहा.

कॅमेरा ट्रायपॉडवर. आयएसओ १६००, एफ/२.८, शटर १/३०. फ्लॅश बंद ठेवून पहिला फोटो: ज्योती, रांगोळीवरचा त्यांचा उजेड आणि आभाळ हवं तसं येईपर्यंत शटर १/१५ ते १/६० मध्ये हलवा. मग जेल लावलेला फ्लॅश छत्रीत, दोन मीटरवर, १/६४ वर. इतक्या आयएसओला १/६४ सुद्धा भारी पडू शकतो. खाली १/१२८ वर जा, तिथेही उजळ वाटला तर छत्री आणखी मागे. चेहरा पणत्यांच्या प्रकाशात उजळलाय असं वाटावं म्हणून नेहमीपेक्षा दोनतृतीयांश स्टॉप गडदच ठेवा.

छत्री पणत्यांच्याच बाजूला आणि नेहमीपेक्षा खाली, चेहऱ्याच्या पातळीला. पणत्या डावीकडे आणि उजेड उजवीकडून, हे डोळा लगेच पकडतो. छत्रीचं कापड ज्योतीपासून दीड मीटर तरी दूर असू द्या, स्टँडवर वजन, आणि पदर, ओढणी पिनेने मागे. फुलबाजी हातात असेल तर शटर १/४ ते अर्धा सेकंद करा आणि फ्लॅश रिअर कर्टनवर ठेवा. चमक शटर मिटताना पडते, त्यामुळे ठिणग्यांच्या रेघा आधी उमटतात आणि चेहरा शेवटी गोठतो. चेहऱ्यावर दुसरा उजेड पडू देऊ नका, ओट्यावरचा एलईडी बंद.

रानजाई

रिअर कर्टन हा पर्याय फ्लॅशवर की कॅमेऱ्यात? आणि कॅमेऱ्याच्या उघडणाऱ्या फ्लॅशने स्लेव्ह पेटवला तर जेल त्यालाही लावायची का?

एफ_आठ

कॅननमध्ये तो कॅमेऱ्याच्या फ्लॅश कंट्रोल मेनूत असतो, शूवरचा फ्लॅश तशी परवानगी देत असेल तर. ऑप्टिकल स्लेव्हला वेगळं काही करायचं नाही, तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशमागेच पेटतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. नाहीतर समोरून येणारी छोटी पांढरी चमक डोळ्यांत आणि नथेवर निळी दिसेल. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन -२ वर न्या आणि त्याच सीटीओचा एक तुकडा कापून त्याच्यावर चिकटवा. काढताना गोंद राहू नये म्हणून सेलोटेप नको, कागदी मास्किंग टेप घ्या.